इंदूरच्या पॅरिशमध्ये नव्याने आलात? मराठी कॅथलिक कुटुंबांसाठी मार्गदर्शक

वसई, नगर, जालना, अमरावती किंवा मुंबईहून बदलीवर इंदूरला आलेली कुटुंबं सुरुवातीला बहुधा एकच करतात. फोनवर जवळचं चर्च शोधतात, रविवारी मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जातात आणि शेवटचा आशीर्वाद झाला की गाडी काढून घरी येतात. पीथमपूरच्या कारखान्यातली शिफ्ट, मुलांची शाळा, घराची लावालाव यात वर्ष निघून जातं. मग घरात कुणी आजारी पडतं, मुलीच्या पहिल्या कम्युनियनची वेळ येते, नाहीतर गावाहून आलेले वडील इथेच वारतात, आणि तेव्हा कळतं की पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या मंडळीत, आपल्याला नावाने ओळखणारं कुणी नाही. अशा वेळी धावपळ करणारी कुटुंबं मी जवळून पाहिली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. पॅरिशमध्ये आधी एकोपा होतो आणि मग माणसं कामाला लागतात, असं घडत नाही. काम वाटून घेतलं की त्यातून एकोपा येतो. त्यामुळे पुढच्या सगळ्या पायऱ्या शेवटी कुठल्या ना कुठल्या कामापाशीच पोचतात.

पायरी पहिली: आपली पॅरिश कोणती, ते शोधा

चर्चच्या कायद्यानुसार पॅरिश सहसा हद्दीवरून ठरते. जिथे राहता ती हद्द ज्या पॅरिशची, ती तुमची पॅरिश. गायन कुठलं चांगलं, पार्किंग कुठे मोठं, यावर ती ठरत नाही. कायमचं राहायचं म्हणून आलात तर पहिल्या दिवसापासून तुम्ही तिथले. नोकरीपुरते आलात, तरी तीन महिने राहायचा बेत असला की तुम्ही त्या पॅरिशचे होता. रविवारची मिस्सा कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये ऐकता येते, शनिवारी संध्याकाळचीही चालते. पण नोंदणी आणि जबाबदारी आपल्या हद्दीतली.

नवीन माणसाचा हमखास होणारा एक घोळ. इंदूरमध्ये ज्याला 'रेड चर्च' म्हणतात ते संत फ्रान्सिस असिसीकर यांचं कॅथेड्रल, आपल्या बिशपांचं चर्च. 'व्हाइट चर्च' हे सेंट अ‍ॅन्स, एकोणिसाव्या शतकातलं, आणि ते चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीचं आहे. रिक्षावाल्याला नुसतं 'चर्च' म्हणाल तर तो दोहोंपैकी कुठेही नेईल.

उज्जैनला गेलात तर तिथली कॅथलिक मिस्सा वेगळी वाटेल, कारण तो धर्मप्रांत (एका बिशपांच्या हाताखालचा भाग) केरळच्या सिरो-मलबार उपासना-विधीचा आहे. गोंधळू नका. तीही कॅथलिकच आहे, तिथे कम्युनियन घेता येतं.

पायरी दुसरी: कागद

जुन्या पॅरिशच्या फादरांकडून एक पत्र आणा: हे कुटुंब आमच्याकडचं, आता तुमच्याकडे येत आहे. सोबत सगळ्यांचे बाप्तिस्म्याचे दाखले, ज्यांचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालं असेल त्यांचा तो दाखला आणि नवराबायकोचा चर्चमधल्या लग्नाचा दाखला. ऑफिस कुठल्या वारी उघडं असतं ते विचारून जा. रविवारी मिस्सेनंतर फादरांना घाईत गाठू नका, त्या वेळी त्यांच्याभोवती माणसं असतात आणि तुमचं नावही त्यांच्या लक्षात राहणार नाही.

बाप्तिस्म्याचं मूळ रजिस्टर जिथे बाप्तिस्मा झाला तिथेच राहतं, आणि पुढे दृढीकरण, लग्न यांची नोंद त्याच पानावर परत पाठवली जाते. म्हणून लग्नाच्या वेळी ट्रंकेतला जुना पिवळा दाखला चालत नाही. गेल्या सहा महिन्यांत काढलेला नवा मागतात. घरात लग्नाचं वय झालेला मुलगा किंवा मुलगी असेल तर गावी फोन करायला लग्न ठरायची वाट पाहू नका. लग्नाआधीच्या तयारीच्या वर्गाच्या तारखाही आताच विचारून ठेवा.

नोंदणी झाली की कौटुंबिक कार्ड मिळतं. कब्रस्तान कुठलं आणि त्याची व्यवस्था कोण पाहतं, हे त्याच वेळी विचारा. विचारायला जीभ रेटत नाही, पण परक्या शहरात मध्यरात्री हा प्रश्न पडण्यापेक्षा ते बरं. तसंच आजाऱ्याच्या अभ्यंगासाठी, म्हणजे तेल लावून प्रार्थना करण्याच्या संस्कारासाठी, फादरांना लवकर बोलवा. आजार गंभीर आहे असं डॉक्टर म्हणाले, मोठं ऑपरेशन ठरलं, की फोन करा. माणूस शुद्धीवर असताना हे संस्कार झाले तर त्याला धीर येतो; शेवटच्या श्वासासाठी ते राखून ठेवायचे नसतात.

अजून एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. प्रत्येक पॅरिशच्या मुख्य धर्मगुरूंनी दर रविवारी एक मिस्सा आपल्या पॅरिशमधल्या सर्व माणसांसाठी अर्पण करायची असते. ते त्यांचं कायदेशीर कर्तव्य आहे. तुम्ही कुणाशी ओळख करून घेतली नसेल, तरीही त्या मिस्सेत तुम्ही आहात.

पायरी तिसरी: हिंदी मिस्सा

इथली बहुतेक उपासना हिंदीत होते. मराठी माणसाला हिंदी येतं, पण चर्चचं हिंदी वेगळं. पॅरिशला पल्ली, कम्युनियनला परमप्रसाद, 'नमो मरिया'च्या जागी 'प्रणाम मरिया'. भेटल्यावर 'जय येसु' म्हणतात. उत्तरं पाठ होईपर्यंत पुस्तक हातात धरा आणि मोठ्याने म्हणा. चुकलात तरी कुणी वळून बघत नाही. घरची संध्याकाळची प्रार्थना मात्र मराठीतच राहू द्या. मुलांना दोन्ही भाषांत देवाशी बोलता आलं तर त्यांचं काहीच बिघडत नाही.

पायरी चौथी: गल्लीतला समूह

रविवारची मिस्सा ही मोठी सभा. तिथे दोनशे माणसांत ओळख होत नाही. ओळख होते ती लघु ख्रिस्ती समूहात, म्हणजे एका वस्तीतली दहा-पंधरा घरं कुणाच्या तरी दिवाणखान्यात जमतात तिथे. नोंदणी करतानाच विचारा: आमच्या भागाचा समूह कोणता, त्याचे प्रमुख कोण, पुढची बैठक कधी? फोन नंबर घ्या आणि तुम्हीच फोन करा. ते करतील म्हणून थांबलात तर दोन्हीकडे संकोच वाढत जातो.

बैठकीत बरेचदा शुभवर्तमानावर सात टप्प्यांचं चिंतन चालतं. ही पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने रुजवली. प्रभूला आमंत्रण द्यायचं, उतारा वाचायचा, मनाला भिडलेला शब्द किंवा ओळ मोठ्याने म्हणायची, शांत बसायचं, काय ऐकलं ते सांगायचं, मग आपल्या गल्लीत करायचं काम ठरवायचं, आणि शेवटी प्रार्थना. यात प्रवचन करायचं नसतं. बायबलचं ज्ञान दाखवायचं नसतं. पहिल्यांदा गेलात तर एक ओळ वाचून दाखवली तरी पुष्कळ.

सहावा टप्पा, काम ठरवण्याचा, घाईत गुंडाळला जातो. चहा आलेला असतो, कुणाला तरी मुलाला क्लासवरून आणायचं असतं. माझी कळकळीची विनंती आहे की तुम्ही नवीन असलात तरी तिथे थांबून विचारा, "मग या आठवड्यात आपण काय करायचं?" तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या आजींना दवाखान्यात कोण नेणार, महूहून नव्याने आलेल्या जवानाच्या बायकोला बाजार कोण दाखवणार, बांधकामावर आलेल्या झाबुआ-अलीराजपूरच्या भिल्ल कुटुंबाच्या मुलांचा शाळाप्रवेश कुणी बघायचा. असे प्रश्न निघाले तर समूह जिवंत राहतो. ते निघाले नाहीत, तर वर्षभरात बैठक नुसती जपमाळ आणि नाश्त्यावर येऊन थांबते.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. त्या महिन्यात घरोघरी रोझरी फिरते. आमच्याकडे एक दशक (जपमाळेतला दहा 'नमो मरियां'चा भाग) हिंदीत, एक मल्याळममध्ये, एक इंग्रजीत, एक मराठीत असं चालतं. ज्या घरी रोझरी असेल त्यांना भाषा निवडायला सांगा. तमिळ कुटुंबातली आजी, जी एरवी बैठकीत एक अक्षर बोलत नाही, तिला आपल्या भाषेत दशक सांगायला मिळालं की ती पुढच्या बैठकीला सगळ्यांच्या आधी येऊन बसलेली असते.

पायरी पाचवी: मराठी मंडळींचा गट हवा का?

हवा. कोण कुठल्या गावचं, कुणाच्या आत्याचं घर कुणाच्या शेजारी, हे कळल्यावर परक्या शहरात जीव रमतो. नाताळला नगरकडच्या करंज्या आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन घरातले फुगे एका ताटात आले तर त्यात वाईट काय? वर्षातून एखादी मराठी मिस्सा, मराठी जाणणारे फादर आले असतील तेव्हा, मुख्य धर्मगुरूंच्या परवानगीने जरूर करावी.

पण मराठी गटाने पॅरिशमध्ये दुसरी पॅरिश काढू नये. मल्याळी लोकांनी, तमिळ लोकांनी, गोवेकरांनी, कुणीच काढू नये. हे दुखणं नवं नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढून वाचा. जेरुसलेमची पहिली मंडळी, प्रेषित अजून हयात, आणि तिथे कुरकुर सुरू झाली: ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावललं जातं. म्हणजे ख्रिस्तसभेतलं पहिलं नोंदलेलं अंतर्गत गाऱ्हाणं भाषेवरून आणि जेवणावरून होतं.

प्रेषितांनी काय केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. "आपण सगळे एक आहोत, गप्प बसा," असं त्यांनी सांगितलं नाही. ग्रीक भाषिकांचा वेगळा गट काढून दिला नाही. सगळ्यांना बोलावून त्यांनी सात माणसं निवडायला सांगितली आणि वाटपाचं काम त्यांच्या हाती दिलं. स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांना डावललं गेल्याची भावना होती, बहुधा त्यांच्यातलीच ही माणसं असावीत, आणि त्यांनी वाटप करायचं होतं ते सगळ्यांसाठी.

आपल्या पॅरिशमध्ये कुणी मागे राहतंय असं वाटलं, तर माझ्या मते हाच मार्ग धरावा. वाचनाच्या यादीत भिल्ल मुलं कधी दिसत नाहीत? मग तक्रार करण्याऐवजी, त्यांच्यातल्या दोघांना सबंध यादी करायचं काम द्या. सणाच्या जेवणात एकाच प्रांताचं जेवण असतं? पुढच्या वर्षीच्या भोजन समितीत वेगळ्या घरातली माणसं घ्या. मराठी गटानेही सणाला जेवण वाढायचं काम घ्यावं, पण सगळ्या पंगतीला.

पोप लिओ चौदावे ८ मे २०२५ रोजी निवडून आले. त्यांचं बोधवाक्य संत ऑगस्टीनच्या शब्दांतलं आहे: त्या एकामध्ये आपण एक. आपल्यासारख्या पाच-सहा भाषांच्या पॅरिशला ते फार जवळचं आहे.

पायरी सहावी: एक काम घ्या, एकच

पहिल्या उत्साहात चार समित्यांत नाव देऊ नका. एक काम घ्या आणि वर्षभर सोडू नका.

गळा चांगला असेल तर गायनवृंद. हिंदी वाचता येत असेल तर वाचक. वाचन शनिवारी घरी दोनदा मोठ्याने वाचून मगच उभे राहा. मुलांची आवड असेल तर रविवारचा धर्मशिक्षण वर्ग, तिथे शिक्षकांची कायम वानवा असते. हिशेबात हात बसलेला असेल तर फादरांना सांगा, कारण प्रत्येक पॅरिशमध्ये अर्थ समिती असणं चर्चच्या कायद्याने सक्तीचं आहे आणि जमाखर्च समजणारी माणसं थोडी असतात. पॅरिश कौन्सिल सल्ला देते, निर्णय फादरांचा असतो. हे आधीच माहीत असलं की पहिल्या बैठकीनंतर मन खट्टू होत नाही.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते विन्सेंट डी पॉल संस्थेचं काम. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर ती सुरू केली. सदस्य दोघादोघांनी गरिबाच्या घरी जातात. किराणा देतात, औषधाची चिठ्ठी बघतात, आणि बसून बोलतात. दोघांनी जायचा हा नियम एकोप्यासाठी फार उपयोगी आहे. एका मराठी क्लार्कने आणि एका मल्याळी नर्सने दर आठवड्याला एकाच जिन्याने चढून एकाच आजाऱ्याला भेटायचं म्हटलं, की त्यांना एकोप्यावर वेगळं प्रवचन लागत नाही.

नोकरीच्या वेळा विचित्र असतील तर तेही मोकळेपणाने सांगा. रात्रपाळीवाल्याला दुपारी आजाऱ्यांच्या भेटी जमतात. आणि ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा वृद्धांना प्रार्थनेची यादी द्या: या आठवड्यात कुणाचं ऑपरेशन आहे, कुणाची परीक्षा आहे. हे काम उरलंसुरलं समजू नका.

पायरी सातवी: दान, हिशेब आणि दूरचं काम

महिन्याची वर्गणी ठरवा, थोडी असली तरी नियमित द्या. दिलेल्या पैशाचा हिशेब लोकांना मिळावा, असं चर्चचा कायदाच सांगतो, म्हणून वार्षिक हिशेब वाचून दाखवतात तेव्हा थांबून ऐका. ईस्टरआधीच्या उपवासकाळात कॅरितास इंडिया या कॅथलिक मदतसंस्थेची भूक आणि रोगांविरुद्धची मोहीम असते. ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी मिशन रविवार, जो अकरावे पायस यांनी १९२६ मध्ये सुरू केला.

मिशन रविवारची थैली फिरते तेव्हा इंदूरच्या माणसाने आठवावं की हा भागही कधीकाळी दुसऱ्यांच्या दानावर उभा राहिला. १९३५ मध्ये इथे प्रीफेक्चर (धर्मप्रांत होण्याआधीची पायरी) झालं, डिव्हाइन वर्ड संघाच्या धर्मगुरूंनी ते सांभाळलं, आणि १९५२ मध्ये धर्मप्रांत झाला.

इथे आलात की पहिल्याच वर्षी मुलांना घेऊन देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला जा. तिथल्या चर्चमध्ये धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) सिस्टर राणी मारिया यांची समाधी आहे. केरळात जन्मलेल्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या या सिस्टर तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांमध्ये काम करत. बचतगट, बँकेचं कर्ज, स्वतःच्या हक्काची जाणीव, हे सगळं त्या लोकांना शिकवत होत्या, आणि सावकारी करणाऱ्यांना ते खुपत होतं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्येच त्यांना धन्य घोषित करण्यात आलं. त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली. मुलांना हे त्या समाधीपाशी सांगा. केरळच्या एका मुलीने माळव्यातल्या माणसांना आपलं मानलं, हे त्यांना तिथे जास्त समजेल.

पायरी आठवी: खटका उडाला तर

उडणारच. गाण्याची निवड, हॉलची किल्ली, कुणाचं नाव आभारात राहून गेलं. मत्तयच्या अठराव्या अध्यायातला क्रम पाळा: आधी त्या माणसाला एकट्याला भेटा, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत घ्या, त्यानंतरच मंडळीपुढे. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप म्हणजे मंडळी नव्हे, तिथे पहिलाच मेसेज रागाचा टाकला तर आधीच्या दोन्ही पायऱ्या कायमच्या बुजतात. तक्रार फादरांबद्दल असेल तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी वेळ घेऊन त्यांनाच सांगा. आपलं मत धर्मगुरूंपुढे आदराने मांडायचा हक्क प्रापंचिकांना, म्हणजे तुमच्याआमच्यासारख्या साध्या श्रद्धावंतांना, आहे, कधीकधी ते कर्तव्यही असतं.

एक मात्र करू नका: राग आला म्हणून पॅरिश बदलू नका. पुढच्या पॅरिशमध्येही हॉलला किल्ली असतेच.

कुंपणाबाहेर

१८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना-सप्ताह. त्या आठवड्यात इतर ख्रिस्ती मंडळींबरोबर प्रार्थना ठेवलेली असेल तर जा. नाताळला इतर धर्मांची माणसंही गव्हाणी पाहायला येतात. स्वयंसेवक म्हणून उभे राहा, हसून आत घ्या, प्रश्नांना साधी उत्तरं द्या. मध्य प्रदेशात आमिषाने किंवा जबरदस्तीने धर्मांतराला बंदी घालणारा २०२१ चा धार्मिक स्वातंत्र्याचा कायदा लागू आहे, त्यामुळे वस्तीत काही उपक्रम करायचा तर फादरांना सांगून, उघडपणे करा. गरजूला मदत देताना तिच्यासोबत प्रार्थनेची अट कधीही घालू नका. कायदा नसता तरी ती घालणं येशूच्या शिकवणीत बसलं नसतं.

बदली झाली तर

तीन-चार वर्षांनी पुन्हा बदली होईल, इंदूरच्या नोकऱ्या अशाच आहेत. निघायच्या महिनाभर आधी फादरांना कळवा. तुमचं काम कोण घेणार ते तुम्हीच सुचवा, आणि जमल्यास तुमच्या भाषेबाहेरच्या माणसाचं नाव द्या. भेटीला जाणाऱ्या घरांची यादी, वर्गाची हजेरी, पेटीच्या किल्ल्या लिहून त्याच्या हाती द्या आणि त्याला एकदा सोबत नेऊन त्या घरांशी ओळख करून द्या. इथे मुलांचं कम्युनियन किंवा दृढीकरण झालं असेल तर त्याचे दाखले घ्या, आणि ती नोंद बाप्तिस्म्याच्या पॅरिशला गेली का, ते ऑफिसात विचारून घ्या. नव्या पॅरिशच्या नावाचं पत्र मागा. जाण्याआधीच्या समूहाच्या बैठकीत त्या आठवड्याचं काम ठरेल, तेवढं मात्र सामान बांधण्याआधी करून जा.